आडव्या वाऱ्याचा महिना

त्या उन्हाळ्यात मला रोज दुपारी एकच स्वप्न पडायचं. खोलीत कूलर घरघरत असायचा, खसच्या ताट्यांचा ओला वास भरून राहिलेला असायचा आणि खिडकीला जाड चादर बांधलेली असायची. डोळा लागला की समोर धावपट्टी यायची. लांबच लांब, पांढरट, उन्हात थरथरणारी. मी तिच्यावर उतरायला निघालेली असायचे आणि ती अगदी हळू, कुणी चटई ओढावी तशी, डावीकडे सरकत जायची. मी पायाखालचं पेडल दाबायचे, तर ते मऊ लागायचं आणि आत आत जायचं. धावपट्टी निघून गेली की खाली तुरीचं वावर यायचं, मग वावराच्या कडेचं खळं, आणि त्या खळ्यावर कुणीतरी सूप उंच धरून उभं असायचं. चेहरा कधी दिसला नाही. तेवढ्यात जाग यायची. माझी टाच गादीत रुतलेली असायची आणि दाराशी आई उभी असायची. म्हणायची, झोपेतही पाय मारून राहिली तू.

मी तेव्हा विमान चालवायला शिकत होते. आमचं घर सक्करदऱ्याला, तलावापासून पाच मिनिटांवर. बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचे आणि आई घर सांभाळायची. गावाकडची शेती काका पाहायचे. चैत्रात त्यांच्याकडून गव्हाची आणि तुरीची पोती यायची आणि आमची गच्ची महिनाभर धान्याने भरून जायची. आईबाबांपैकी कुणीही तोवर विमानात बसलेलं नव्हतं. तरी बाबांनी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आपली पोरगी पायलट होणार आहे. मी झाले नव्हते, पण बसमध्ये झाले होते.

माझी सुरुवात हिवाळ्यात झाली आणि तीच माझ्या अंगाशी आली. नागपूरच्या थंडीतल्या सकाळी हवा झोपलेली असते. धावपट्टीशेजारी वाऱ्याची दिशा दाखवणारी नारंगी कापडी पिशवी असते, तिला विंडसॉक म्हणतात. ती तेव्हा दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्यासारखी लोंबत असायची. खाली धुकं, तलावांवर वाफ, दूरवर हिंगण्याच्या रस्त्याने जाणाऱ्या मोटरसायकलींचे दिवे मुंग्यांसारखे. आमचं दोन सीटांचं छोटं विमान त्या हवेत असं उतरायचं की चाकं टेकली हे कळायचंही नाही. बॅचमध्ये एकटीने उड्डाण करणारी मी पहिली. सगळ्यांना पेढे वाटले. आपल्या हातातच काहीतरी आहे असं मला खरोखर वाटू लागलं आणि मी इतरांना, न विचारता, सल्ले देऊ लागले.

होळी झाली आणि वारा उठला. आमच्याकडचा उन्हाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि धावपट्टी त्याला तिरकी पडते. म्हणजे उतरताना वारा समोरून यायच्या ऐवजी डाव्या बाजूने ढकलतो. त्यातही तो सरळ येत नाही, झोतांनी येतो. एक झोत, मग क्षणभर काहीच नाही, मग दुसरा. अशा वाऱ्यात विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून, खेकड्यासारखं तिरकं तिरकं खाली यायचं. जमीन अगदी जवळ आली की उजवा पाय दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं आणि त्याच वेळी डावा पंख जरासा वाऱ्यावर कलता ठेवायचा, म्हणजे आधी डावं चाक टेकतं, मग उजवं. सांगायला चार वाक्यं लागतात. करायला मला सगळा उन्हाळा लागला.

आमचे सर पन्नाशी ओलांडलेले, रामदासपेठेत राहणारे, बारीक चणीचे गृहस्थ. ओरडून शिकवणं त्यांना ठाऊक नव्हतं. शेजारच्या सीटवर बसून दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि बारीक आवाजात काहीतरी गुणगुणायचे. कुठलं गाणं ते कुणालाच कधी ओळखता आलं नाही. आम्हा विद्यार्थ्यांना एवढंच माहीत होतं की गुणगुणणं चालू आहे तोवर सगळं ठीक. ते थांबलं की समजायचं, आपण काहीतरी चुकवलंय आणि ते किती चुकू द्यायचं याचा सर विचार करताहेत.

मार्च संपेपर्यंत माझ्या बाजूला गुणगुणणं जवळजवळ ऐकूच येईना. दर वेळी तेच व्हायचं. मी तिरकी नीट यायचे, धावपट्टी गाठायचे, नाक सरळ करायचे आणि मग जमिनीपासून हातभर उंचीवर थांबायचे. झोत गेला की टेकू, असं मनाशी म्हणायचे. विमान तरंगत राहायचं, धावपट्टी खालून पळत राहायची. झोत एकदाचा ओसरायचा, मला हायसं वाटायचं, हातपाय सैल पडायचे आणि नेमका तेव्हाच पुढचा झोत येऊन आम्हाला उजवीकडे लोटून द्यायचा. सर शांतपणे कंट्रोल हातात घेऊन पुन्हा वर न्यायचे.

मी चिडायचे. मला तेव्हा भयंकर राग यायचा आणि तो कुणावर तरी काढावा लागायचा. एकदा मी सरांना म्हटलं की ही धावपट्टी ज्यांनी बांधली त्यांना इथला वारा ठाऊक नव्हता, पश्चिमेकडे तोंड करून बांधली असती तर काय बिघडलं असतं? सर ताक पीत होते. म्हणाले, नाचता येईना, रनवे वाकडा. हे वाक्य संध्याकाळपर्यंत बॅचभर झालं. त्यातच कुणीतरी माझं नाव हिवाळी पायलट ठेवलं. ते नाव मला लागलं, कारण ते खरं असेल अशी भीती मला आधीपासूनच होती. हवा झोपलेली असताना कुणीही उडेल.

एप्रिलमध्ये सरांनी माझं एकटीचं उडणं बंद केलं. वाऱ्यात उतरता येईस्तोवर ते सही करणार नव्हते, आणि त्यांच्या सहीशिवाय एकटीला विमान मिळत नाही. ते मुद्दाम दुपारी चारनंतर मला घेऊन जायचे, वारा भरात असताना. ऊन असं की विमानाचं दार उघडताना हात भाजायचा.

म्हणून रोज मी निघताना आई माझ्या शर्टाच्या खिशात एक छोटा कांदा टाकायची. आमच्याकडे उन्हाळ्यात खिशात कांदा असला की लू लागत नाही म्हणतात, ऊन तो कांदाच ओढून घेतो, म्हणून घरी आलं की तो टाकून द्यायचा. शास्त्र मला विचारू नका. मी भौतिकशास्त्र शिकलेली मुलगी, आईशी यावरून आधी वाद घालून झाला होता. पण बाबाही कांदा घेतल्याशिवाय शिफ्टला जात नसत, आणि त्यांना कधी ऊन लागलं नाही, या पुराव्यापुढे माझं काही चाललं नाही.

एका दुपारी आम्ही उतरत होतो. झोत नेहमीपेक्षा मोठे होते, विमान खडबडीत रस्त्यावरच्या ऑटोसारखं उडत होतं. मी जमिनीजवळ आले, उजवं पेडल दाबलं, तर ते दबेना. अर्ध्यावर अडकलं. स्वप्नात ते मऊ लागायचं, इथे दगडासारखं. सरांचं गुणगुणणं थांबलं. त्यांनी आपलं पेडल दाबून पाहिलं, पण दोघांचीही पेडलं आतून जोडलेली असतात, त्यांचंही दबेना. सरांनी इंजिनाला पूर्ण ताकद दिली आणि विमान वर काढलं. बरीच उंची मिळाल्यावर म्हणाले, पट्टा सैल कर, वाक आणि पायाशी काय आहे ते बघ.

पायाशी कांदा होता. माझ्या खिशातून घरंगळून तो उजव्या पेडलमागे जाऊन बसला होता.

खाली उतरल्यावर सरांनी तो कांदा वर्गातल्या टेबलावर ठेवला. विमानात सुटी वस्तू नेऊ नये हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं, पेनसुद्धा नाही. एक कांदा, म्हणाले, दोघांना घेऊन गेला असता. मी पाहिलं, समोरच्या बाकांवरचा एकेक हात हळूच आपापल्या खिशाकडे गेला. सगळ्यांच्या आया होत्या. शेवटी एकाने धीर करून विचारलं की सर, मग तुमचा? सरांनी आपल्या खिशावर बोट ठेवलं. म्हणाले, "माझ्या खिशाले बटण आहे."

मला हसू आलं नाही. कारण त्यानंतर त्यांनी मला बाहेर, कडुनिंबाच्या सावलीत थांबवलं. कांद्याबद्दल त्यांना राग नव्हता, ते कुणाकडूनही झालं असतं. पण कांदा नसतानाही मी उतरू शकत नव्हते. महिना संपायला आठ दिवस होते. तोवर जमलं नाही तर ही बॅच पुढे जाईल आणि मी पावसाळ्यानंतर नव्या मुलांबरोबर पहिल्यापासून सुरू करायचं. मग त्यांनी मला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ विचारलं.

"खाली आल्यावर तू वाट कशाची पाहून राहते?"

मी म्हटलं, वारा थांबायची.

सर थोडा वेळ विंडसॉककडे बघत राहिले. ती कधी ताठ होत होती, कधी निम्मी वाकत होती. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि ते निघून गेले.

घरी आले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. आई गच्चीवर तूर उपणत होती. शेतात बाबा तिवईवर चढून उपणायचे आणि मी लहानपणी खाली उभी राहून त्यांना टोपली भरून द्यायचे. शहरात आल्यावर ते काम आईकडे आलं, गच्चीवर, सुपाने. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. कांद्याचं, आठ दिवसांचं, पावसाळ्यानंतरचं. सांगताना रडले. मला पायलट व्हायचं नाही असंही म्हणाले, जे साफ खोटं होतं.

आई काम थांबवून ऐकेल असं मला वाटलं होतं. तिने थांबवलं नाही. पश्चिमेचं ऊन तिच्या अंगावर तिरकं पडलं होतं, ती वाऱ्याला आडवी उभी होती आणि सुपातून तुरीची धार पडत होती. फोलपटं सोनेरी होऊन कठड्याकडे उडत होती. मला सकाळपासून झोप अनावर झाली होती आणि डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे असेल, पण मला ते स्वप्नातलं खळं वाटलं. मी नुसती बघत राहिले. झोत आला की तिचे हात नकळत खाली यायचे आणि सूप जरा सरळ व्हायचं, धार बारीक. झोत ओसरला की हात वर, सूप कलतं, धार जाड. खाली ढीग मात्र जागच्या जागी, एक दाणा इकडेतिकडे नाही. जन्मापासून मी हे पाहत होते आणि मला वाटायचं की उपणणारा माणूस वाऱ्याची वाट बघत उभा असतो.

मी विचारलं की तू वारा एकसारखा व्हायची वाट का बघत नाहीस.

"वारा आपलं ऐकते का वं? तो येते, जाते. आपला हात थांबला नाही पाहिजे," आई म्हणाली. मग सूप माझ्या हातात दिलं.

मी पहिल्या खेपेला अर्धी तूर शेजारच्यांच्या गच्चीवर उडवली. झोत आला की मी हात आवळून थांबायचे आणि तो गेला की सैल सोडायचे, अगदी विमानात करायचे तसंच. आईने मागून माझी कोपरं धरली. ती नुसती माझे हात वर-खाली नेत राहिली. वारा गालाला लागायचा आणि तिचे हात त्याआधीच हललेले असायचे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तलावावरून बगळे परत गेले, खाली कुणाच्या तरी घरी फोडणी पडली. माझे हात माझे राहिले नाहीत आणि तरी मला त्यांची इतकी जाणीव कधी झाली नव्हती. त्या रात्री आईने माझ्या तिन्ही शर्टांच्या खिशांना बटणं लावली.

पुढचे सहा दिवस मी सकाळी गच्चीवर तूर उपणायचे आणि दुपारी सरांबरोबर उडायचे. हे मी बॅचमध्ये कुणालाही सांगितलं नाही, हिवाळी पायलट काय कमी होतं. पहिले चार दिवस काही फार बरे गेले नाहीत. पाचव्या दिवशी जमिनीजवळ आल्यावर झोत आला आणि माझा पाय त्याच्याबरोबर गेला, झोत ओसरला आणि पाय परत आला, आणि असं करत करत डावं चाक खाली लागलं. मग उजवं. मी तरीही हात सोडले नाहीत. विमान थांबेपर्यंत वारा त्याला ढकलतच असतो, हे सर महिनाभर सांगत होते आणि मला पाचव्या दिवशी ऐकू आलं.

सातव्या दिवशी निघताना मी आईला म्हटलं की बहुतेक आज निकाल लागेल. तिने खिशात कांदा टाकला, बटण लावलं आणि सूप घेऊन वर गेली.

त्या दुपारी आम्ही तीनदा उतरलो. तिन्ही वेळा सर गुणगुणत होते. तिसऱ्यांदा धावपट्टीवरून बाहेर आल्यावर त्यांनी विमान थांबवायला सांगितलं. वारा थोडा उतरला होता, पण झोत होतेच. सरांनी आपला पट्टा काढला, रिकाम्या सीटवर तो पुन्हा नीट बांधला, म्हणजे सुटा राहून कुठे अडकू नये, आणि ते खाली उतरले. "एक चक्कर मारून ये," एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून चालू लागले.

एकटीने उडाल्याला महिना होऊन गेला होता. एका माणसाचं वजन कमी झालं की ते छोटं विमान भराभर वर जातं. खाली शहर उन्हात विरघळत होतं. हिरव्या झाडांचे पुंजके, पत्र्याची छपरं, मध्येच चमकणारं पाणी. दूर पूर्वेला, जिथे सक्करदऱ्याचा तलाव असायला हवा, तिथे एक फिकट ठिपका होता. तो तलाव होता की उन्हाची तिरीप, सांगता येत नाही. मी तिकडे क्षणभर बघितलं आणि मला इतकं भरून आलं की मोठ्याने आई म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. मग वळले.

उतरताना ते स्वप्न आठवलं. धावपट्टी खरोखरच डावीकडे सरकू लागली होती. मी नाक वाऱ्याकडे दिलं, ती थांबली. झोत आला, गेला, पुन्हा आला. मी कशाचीच वाट पाहत नव्हते. माझ्या घशातून काहीतरी बारीक सूर येत होता हे मला चाकं टेकल्यावर कळलं, आणि मला आजही सांगता येत नाही की ते कुठलं गाणं होतं.

सरांनी वहीत सही केली. बॅचने पाठीवर धपाटे घातले. मी स्कूटीवरून घरी आले ते तरंगतच, वर्धा रोडचे सिग्नल कधी लागले, कधी सुटले, आठवत नाही. जिने चढून थेट गच्चीवर गेले.

आई कठड्याशी उभी होती, पश्चिमेकडे तोंड करून. जिथून लहान विमानं वर येताना दिसतात त्या बाजूला. हातात सूप होतं. दुपारभर इतका छान वारा वाहत होता, उपणायला याहून चांगला वारा मागूनही मिळत नाही, आणि तुरीचा ढीग मी निघताना होता तेवढाच होता. सूपही भरलेलं होतं, काठोकाठ. एक दाणा त्यातून खाली पडला नव्हता.

मी म्हटलं, "आई, हात थांबवला तू."

तिने सूप खाली ठेवलं. इतका वेळ धरून तिच्या बोटांवर सुपाच्या काठाचे वळ उठले होते. त्याच बोटांनी तिने माझ्या खिशाचं बटण काढलं, कांदा बाहेर घेतला आणि गच्चीच्या कोपऱ्यातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकला.